खेळाडू विद्यार्थिनींच्या ताटाचा प्रश्न

१९८४ सालच्या लॉस एंजल्स ऑलिम्पिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. परक्या अन्नाची सवय नसल्याने तेथे तांदळाची पेज आणि लोणचे यांवरच भागवावे लागले व अखेरच्या टप्प्यात त्याचा परिणाम जाणवला, असे त्यांनी पुढे सांगितले. त्या घटनेची हळहळ पुष्कळ झाली. तिच्यातून घ्यावयाचा धडा मात्र विद्यापीठांच्या वसतिगृहांपर्यंत पुरेसा पोहोचलेला नाही.

पहाटेचा सराव चहा-बिस्किटांवर, मग वर्ग, पुन्हा सायंकाळी मैदान आणि परत येईतो खाणावळ बंद, असा अनेक खेळाडू विद्यार्थिनींचा दिनक्रम असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. स्नायूंना प्राणवायू पोहोचविणारे रक्तच जेथे कमी, तेथे निव्वळ सरावाने दम कसा वाढणार? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह पुरते, तर स्त्रीला २९ मिलिग्रॅम लागते. प्रत्यक्षात घरोघरी मोठा वाटा मुलाच्या पानात पडतो.

हा केवळ दारिद्र्याचा प्रश्न आहे असे मानणे चुकीचे ठरेल. सर्वांच्या मागून जेवण्याची रीत, साबुदाण्यावर काढलेले उपवास आणि वजन वाढेल ही धास्ती सुखवस्तू घरांतही आढळते. श्रमाच्या मानाने अन्न सतत अपुरे पडले, तर शरीर काटकसर करू लागते. मासिक पाळी अनियमित होते वा थांबते, हाडे ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या विकाराकडे क्रीडाजगताचे लक्ष वेधले. तरीही पाळी थांबणे ही कठोर सरावाची खूण समजली जाते आणि संकोचापोटी मुलगी प्रशिक्षकाजवळ त्याविषयी बोलत नाही.

पोषक आहार म्हणजे महागड्या भुकट्या नव्हेत. शेंगदाणे-गूळ, मोडाची उसळ, नाचणी, अंडी, दूध हे सारे आपल्या परिचयाचेच आहे. जेवणाबरोबर लिंबू वा आवळा घेतल्यास लोह अधिक अंगी लागते. जेवणालगतच्या चहाने ते कमी होते. एवढे ज्ञान सरावाच्या पहिल्याच आठवड्यात देता येईल.

विद्यापीठांनी याहून थोडे अधिक करावे. आहारभत्ता स्पर्धेच्या दिवसांपुरता न ठेवता सरावाच्या महिन्यांतही द्यावा, प्रत्येक सत्रारंभी रक्ततपासणी व्हावी, पाळीसंबंधी बोलण्यास स्त्री-डॉक्टर उपलब्ध असावी आणि उशिरा परतणाऱ्या मुलींचे ताट खाणावळीत राखून ठेवावे. पदकांची अपेक्षा बाळगणाऱ्या संस्थांना हा खर्च जड वाटू नये. मुलींच्या श्रमावर संस्थेचे नाव होते. त्या श्रमाला पुरेल इतके अन्न देणे ही तिची पहिली जबाबदारी होय.