अकॅलेशिया: आधी प्रकार ओळखा, मग उपचार ठरवा

"डॉक्टर, भाकरी सोडा, पाणीसुद्धा खाली उतरत नाही." अशी तक्रार घेऊन रुग्ण आला की मी दोन प्रश्न विचारतो. त्रास सुरुवातीपासून घट्ट आणि पातळ अशा दोन्ही पदार्थांचा होता का? आणि उलटून तोंडात येणारे अन्न आंबट-कडू असते, की जसे खाल्ले तसेच परत येते?

अन्ननलिकेत गाठ असेल किंवा ती आक्रसली असेल, तर आधी पोळी-भाकरी अडकते आणि पातळ पदार्थ अडकण्याची वेळ बरीच नंतर येते. घट्ट आणि पातळ दोन्ही सुरुवातीपासून अडकत असतील आणि परत येणाऱ्या अन्नाला आंबट चव नसेल, तर ते अन्न बहुधा जठरापर्यंत पोहोचलेलेच नसते. अशा वेळी अकॅलेशियाचा विचार करावा लागतो.

हा आजार दुर्मीळ आहे. वर्षाला साधारण एक लाख लोकांमागे एका व्यक्तीला त्याचे नव्याने निदान होते. त्यामुळे अनेक रुग्ण ॲसिडिटीच्या गोळ्या घेत महिने, कधी कधी वर्षे काढतात. लग्नाच्या पंगतीत बसणे टाळतात, प्रत्येक घासामागे पाणी पितात, रात्री उशीवर अन्न किंवा लाळ आल्यामुळे ठसका लागून जागे होतात. घरचे म्हणतात, "टेन्शन घेऊ नकोस, सगळे ठीक होईल." पण हा मनाचा खेळ नाही. अन्ननलिकेच्या नसांचा हा खरा आजार आहे.

नेमके काय बिघडते?

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे. आपण घास गिळला की तिच्या भिंतीत वरून खाली आकुंचनाची एक लाट जाते आणि घास पुढे ढकलला जातो. त्याच वेळी नळीच्या खालच्या टोकाची झडप सैल होते आणि घास जठरात उतरतो. एरवी ही झडप मिटलेली असते, म्हणून जठरातील आम्ल वर येत नाही.

झडपेला "सैल हो" असा संदेश देणाऱ्या चेतापेशी अन्ननलिकेच्या भिंतीतच असतात. अकॅलेशियामध्ये या पेशी हळूहळू नष्ट होतात. झडप उघडत नाही आणि लाटही बिघडते. बहुतेक रुग्णांमध्ये नेमके कारण सापडत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच चेतापेशींवर उलटत असावी, असे मानले जाते. तिखट खाणे, काळजी करणे किंवा अवेळी जेवणे यांमुळे हा आजार होत नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही.

निदान कसे होते?

पहिली तपासणी एंडोस्कोपीची. गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी ती आवश्यकच आहे. मात्र सुरुवातीच्या काळात अकॅलेशियातही एंडोस्कोपी नॉर्मल दिसू शकते. म्हणून "दुर्बिणीत काही नाही" याचा अर्थ "आजार नाही" असा घेऊ नका.

दुसरी तपासणी बेरियमची. पांढरे औषध पिऊन ठरावीक मिनिटांनी एक्स-रे काढतात. अन्ननलिका वर फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसते. पाच मिनिटांनंतर किती औषध आत तुंबून राहिले, हेही मोजता येते.

तिसरी आणि निर्णायक तपासणी म्हणजे हाय रिझोल्युशन मॅनोमेट्री. नाकातून एक बारीक नळी जठरापर्यंत सरकवतात आणि पाण्याचे छोटे छोटे घोट गिळायला सांगतात. नळीवरचे अनेक सेन्सर प्रत्येक घोटाच्या वेळी ठिकठिकाणचा दाब नोंदवतात. नळी घालताना थोडा वेळ मळमळते, पण भूल लागत नाही. ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गीय वेदनाशामके घेत असाल तर आधी सांगा, कारण त्यांच्यामुळे अकॅलेशियासारखेच चित्र दिसू शकते.

वय पंचावन्नच्या पुढे असेल, त्रास काही महिन्यांचाच असेल आणि वजन झपाट्याने घटले असेल, तर झडपेजवळची गाठ अकॅलेशियाचे सोंग घेऊ शकते. अशा रुग्णांना सीटी स्कॅन किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी करायला सांगतात. ती टाळू नका.

तीन प्रकार

तिन्ही प्रकारांत झडप नीट उघडत नाही. फरक असतो तो झडपेच्या वरच्या नळीच्या वागण्यात.

पहिला प्रकार: नळी जवळजवळ निपचित असते. गिळल्यावर तिच्यात दाब तयार होत नाही. ती बऱ्याचदा रुंदावलेली असते आणि अन्न आत साचून राहते.

दुसरा प्रकार: लाट नसते, पण गिळल्यावर संपूर्ण नळीत एकदम दाब वाढतो. तोंड बांधलेली पाण्याची पिशवी दाबावी, तसे. हा सर्वांत जास्त आढळणारा आणि उपचारांना सर्वांत चांगला प्रतिसाद देणारा प्रकार आहे.

तिसरा प्रकार: नळीच्या खालच्या भागात अवेळी, जोरदार पेटके येतात. छातीत दुखणे जास्त असते. असे रुग्ण अनेकदा आधी हृदयाच्या तपासण्या करून आलेले असतात. (छातीत दुखल्यावर आधी हृदय तपासून घेणे योग्यच आहे.)

रिपोर्टवर "टाइप ३" वाचून काही कुटुंबे घाबरतात. कॅन्सरच्या स्टेजसारखे हे आकडे नाहीत. तिसरा प्रकार म्हणजे तिसरी पायरी नव्हे. नळी कशी वागते, एवढेच तो आकडा सांगतो.

उपचार कोणते?

नष्ट झालेल्या चेतापेशी परत आणणारे औषध आज उपलब्ध नाही. म्हणून सगळ्या उपचारांचा हेतू एकच असतो: झडपेचा अडथळा कमी करणे, म्हणजे अन्न स्वतःच्या वजनाने खाली उतरेल.

फुग्याने झडप ताणणे: एंडोस्कोपीच्या मदतीने झडपेत ३० मिलिमीटरचा, गरज पडल्यास पुढे ३५ किंवा ४० मिलिमीटरचा फुगा फुगवतात. शस्त्रक्रिया टळते, पण काही वर्षांनी पुन्हा करावे लागू शकते. शंभरात साधारण एक ते चार जणांमध्ये अन्ननलिकेला छिद्र पडण्याचा धोका असतो. म्हणून तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीच हे करावे.

हेलर शस्त्रक्रिया: झडपेचे स्नायू कापून ती मोकळी करतात. जर्मन सर्जन अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये ही शस्त्रक्रिया प्रथम केली. आता ती लॅपरोस्कोपीने होते. नंतर आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा काही भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून शिवतात.

पोएम: जपानमध्ये डॉ. हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये सुरू केलेली पद्धत. तोंडावाटे एंडोस्कोप घालून अन्ननलिकेच्या आतल्या थराखाली बोगदा करतात आणि त्यातून स्नायू कापतात. पोटावर एकही छेद नसतो. स्नायू हवा तितका वरपर्यंत कापता येतो, हा मोठा फायदा. मात्र आम्ल रोखणारी शिवण यात नसते.

बोटॉक्स इंजेक्शन: झडप तात्पुरती सैल होते. परिणाम बहुधा सहा ते बारा महिन्यांत ओसरतो. भूल किंवा शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णांसाठी हा पर्याय राखून ठेवतात. तब्येत चांगली असलेल्या तरुण रुग्णाने यात वर्षे घालवू नयेत. गोळ्यांचा उपयोग तर याहूनही कमी असतो.

प्रकारानुसार निवड का बदलते?

युरोपातील एका मोठ्या चाचणीत फुगा आणि हेलर शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनंतर एकूण यश जवळजवळ सारखे होते: ८६ आणि ९० टक्के. नंतर त्याच रुग्णांची प्रकारानुसार विभागणी केली, तेव्हा वेगळे चित्र दिसले. दुसऱ्या प्रकारात फुग्याने १०० टक्के आणि शस्त्रक्रियेने ९३ टक्के रुग्णांना आराम मिळाला. तिसऱ्या प्रकारात हे आकडे ४० आणि ८६ टक्के होते. तिसऱ्या प्रकाराचे रुग्ण थोडे होते, त्यामुळे हे आकडे काटेकोर मानू नयेत. पण त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. पेटके झडपेच्या वरही येत असतील, तर फक्त झडप ताणून काय होणार?

म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारांत फुगा, हेलर आणि पोएम हे तिन्ही मार्ग खुले असतात. वय, इतर आजार, जवळ उपलब्ध असलेले कौशल्य आणि खर्च पाहून निवड करता येते. तिसऱ्या प्रकारात स्नायू लांबवर कापता येत असल्याने सहसा पोएमला पसंती दिली जाते.

पोएमची दुसरी बाजूही लक्षात घ्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन वर्षांनंतर पोएम आणि हेलर यांचे यश सारखेच, ८२-८३ टक्क्यांच्या आसपास होते. पण आम्लामुळे अन्ननलिकेला सूज येण्याचे प्रमाण पोएमनंतर ४४ टक्के आणि हेलरनंतर २९ टक्के आढळले. यातील बहुतेक त्रास गोळ्यांनी आटोक्यात राहतो, पण अनेकांना त्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात.

तपासणी आणि उपचारांच्या आधी व नंतर

एंडोस्कोपी किंवा भूल देण्यापूर्वी नेहमीचे काही तासांचे उपाशीपोट पुरेसे नसते. साचलेले अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. डॉक्टर सांगतील तितके दिवस फक्त पातळ पदार्थ घ्या आणि भूलतज्ज्ञांना आपल्या आजाराची कल्पना द्या.

फुगा, शस्त्रक्रिया किंवा पोएम यानंतर छातीत तीव्र वेदना, ताप, धाप किंवा मानेला सूज जाणवली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

नळीची लाट उपचारानंतरही सहसा पूर्ववत होत नाही. म्हणून सरळ बसून, सावकाश जेवा. भाकरी कालवणात कुस्करून खा, मध्ये मध्ये पाणी घ्या. रात्रीचे जेवण झोपण्याच्या किमान तीन तास आधी उरका आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवा.

बरे वाटले तरी पुढच्या तपासण्या सोडू नका. हळूहळू पुन्हा अन्न तुंबू लागले तर रुग्णाच्या ते लगेच लक्षात येत नाही, बेरियममध्ये मात्र दिसते. अनेक वर्षे हा आजार असलेल्यांमध्ये अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त असतो. एंडोस्कोपी केव्हा आणि किती वर्षांनी करायची, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

उपचाराला संमती देण्यापूर्वी हे चार प्रश्न जरूर विचारा:

• माझी मॅनोमेट्री झाली आहे का, आणि माझा प्रकार कोणता?
• या प्रकारात तुम्ही सुचवलेला उपचार इतरांपेक्षा योग्य का?
• हा उपचार इथे नियमितपणे केला जातो का?
• नंतर आम्लाचा त्रास झाला किंवा आजार उलटला, तर पुढचा मार्ग कोणता?

या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच तारीख ठरवा. काही दिवसांच्या उशिराने सहसा बिघडत नाही. मात्र पाणीही उतरत नसेल किंवा वजन वेगाने घटत असेल, तर अजिबात थांबू नका. अकॅलेशिया मुळापासून जात नाही, हे खरे. पण योग्य उपचार मिळालेले बहुसंख्य रुग्ण पुन्हा घरच्यांसोबत बसून, घासामागे पाण्याचा पेला न शोधता जेवू लागतात.