कान देऊन ऐकावे असे चार पॉडकास्ट



मागच्या पालकसभेत एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर आली. मुले दिवसभर कानात बोळे घालून बसतात, चार हाका मारल्या तरी ओ देत नाहीत! तक्रार खरी आहे. पण मुले ऐकतात तरी काय, हे कोणी विचारले होते? म्हणून वाचनालयाच्या शनिवारच्या तासाला आम्ही एक वही फिरवली. गाणी आणि क्रिकेट तर होतेच. पण वरच्या वर्गांतल्या काही मुलांनी गोष्टींविषयीच्या पॉडकास्टची नावे लिहिली. मग आम्हीही ऐकू लागलो. त्यातून निवडलेल्या चारांची ही ओळख.

पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरून हवा तेव्हा ऐकता येणारा, रेडिओसारखा कार्यक्रम. 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' हे शब्द जोडून २००४ मध्ये हे नाव तयार झाले. आकाशवाणीवरची श्रुतिका चुकली की चुकली. पॉडकास्ट मात्र थांबवता येतो, मागे नेता येतो, पुन्हा ऐकता येतो.

चाहते नवे नाहीत

गोष्टीवर वेड्यासारखे प्रेम करणारे चाहते आजचे नाहीत. १८९३ साली कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला कथेत मारून टाकले, तेव्हा लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकाचे वाचक भयंकर चिडले, अनेकांनी वर्गणी बंद केली. अखेर १९०३ मध्ये लेखकाला होम्स जिवंत परत आणावा लागला. आपल्या घरांतही दुसरे काय होते? पु. लं.ची कॅसेट लागली की पुढचे वाक्य आधी बाबा म्हणत आणि मग पु. ल. म्हणत! मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांचे कथाकथन ऐकायला माणसे दाटीवाटीने बसत. गोष्ट ऐकायची, पाठ करायची आणि तिच्यावर वाद घालायचा, हेच चाहत्यांचे काम. चांगला पॉडकास्ट हा वाद नीट कसा घालावा ते शिकवतो.

१. इमॅजिनरी वर्ल्ड्स

एरिक मोलिन्स्की हे अमेरिकन पत्रकार २०१४ पासून हा पॉडकास्ट करतात. पूर्वी ते ॲनिमेशनच्या क्षेत्रात होते. मुळात नसलेले जग लेखक कसे उभे करतो आणि ते खोटे आहे हे माहीत असूनही आपण त्यात का रमतो, हा त्यांचा विषय. सुपरहीरो, 'स्टार वॉर्स', भुताखेतांच्या कथा अशा विषयांवर ते लेखकांशी, अभ्यासकांशी आणि चाहत्यांशी बोलतात. नव्याने ऐकणाऱ्याने येथून सुरुवात करावी. आवडीच्या विषयाचा कोणताही भाग निवडला तरी चालतो.

२. हॅरी पॉटर अँड द सेक्रेड टेक्स्ट

आमच्या सर्वांत आवडीचा हा. हार्वर्ड विद्यापीठात धर्मशास्त्र शिकलेल्या व्हेनेसा झोल्टन आणि कॅस्पर टेर काइल यांनी तो २०१६ मध्ये सुरू केला. एखादा धर्मग्रंथ वाचावा तितक्या मन लावून ही कादंबरी वाचली तर काय हाती लागेल, हा त्यांचा प्रश्न. हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांत मिळून १९९ प्रकरणे आहेत. एका भागात एकच प्रकरण घ्यायचे आणि मैत्री, भीती, क्षमा अशा एखाद्या विषयाच्या नजरेतून ते तपासायचे, ही त्यांची रीत.

सुरुवातीला दोघेही ते प्रकरण अवघ्या तीस सेकंदांत सांगायचा प्रयत्न करत. त्यात होणारी तारांबळ ऐकण्यासारखी असते! मग कधी कधी ख्रिस्ती मठांतली एक जुनी वाचनपद्धत वापरत. एकच वाक्य घेऊन चार प्रश्न विचारायचे. येथे प्रत्यक्ष काय घडते आहे? यावरून दुसरे कोणते चित्र किंवा कोणती कथा आठवते? माझ्या आयुष्यात असे कधी झाले होते का? आणि आता मी काय करावे?

कीर्तनाला बसलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल. बुवा एक अभंग घेतात आणि त्याच्याच निरूपणात पूर्वरंग संपतो. शब्द तेवढेच, पण उलगडत जातात.

ही पद्धत आम्ही वर्गात करून पाहिली. पुस्तक घेतले 'फास्टर फेणे'. त्याचे लेखक भा. रा. भागवत १९१० साली आपल्या इंदुरातच जन्मले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तीस सेकंदांत गोष्ट सांगण्याचा खेळ झकास रंगला. मग आम्ही विचारले, "बन्या असा का वागतो?" आणि सगळ्यांची गाडी हिंदीवर गेली. एक मुलगी म्हणाली, "इसको तो पंगे लेने की आदत है।" आम्ही म्हटले, हेच मराठीत सांग. तिला सुचेना. खरे सांगायचे तर आम्हालाही चटकन सुचले नाही. पुढच्या शनिवारी ती आजीला विचारून आली. "याला नसत्या उचापती करायची खोड आहे!" तो शब्द आता वर्गात रोज ऐकू येतो.

त्या दिवशी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. "जेवायला वाढ", "डबा विसरू नको" एवढे मराठी आपल्या घरांत अजून आहे. पण "का?" आणि "मला असे वाटते" म्हणायची वेळ आली की आपली मुले भाषा बदलतात. हिंदीशी आमचे भांडण नाही. ती या शहराची भाषा आहे. पण ज्या भाषेत वाद घालता येत नाही, ती हळूहळू फक्त सणावारापुरती उरते.

३. रायटिंग एक्स्क्यूजेस

ज्यांना स्वतः लिहायचे आहे, त्यांच्यासाठी हा. ब्रँडन सँडरसन, डॅन वेल्स आणि हॉवर्ड टेलर या लेखकांनी तो २००८ मध्ये सुरू केला. पुढे मेरी रॉबिनेट कोवाल त्यांत आल्या. जुने भाग साधारण पंधरा मिनिटांचे आहेत. संवाद, खलनायक, कथेचा शेवट असा एकेक मुद्दा घेतात आणि शेवटी श्रोत्यांना चक्क गृहपाठ देतात! तो मराठीत करून आणला तर आम्ही आनंदाने वाचू.

४. द न्यूयॉर्कर : फिक्शन

हा पालक आणि शिक्षकांसाठी. २००७ पासून दरमहा येतो. 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाच्या कथाविभागाच्या संपादिका डेबोरा ट्रीझमन एका लेखकाला बोलावतात. तो लेखक साप्ताहिकात पूर्वी आलेली दुसऱ्या कोणाची तरी कथा निवडतो, वाचून दाखवतो आणि मग दोघे तिच्यावर बोलतात. आपली सोडून दुसऱ्याची कथा इतक्या प्रेमाने वाचणारा लेखक ऐकणे हा वेगळाच आनंद आहे.

थोडी काळजी

हे चारही पॉडकास्ट इंग्रजीत आहेत. वेग जास्त वाटला तर तो कमी करता येतो. काही भागांतले विषय मोठ्यांचे असतात, विशेषतः चौथ्यातले. म्हणून पालकांनी आधी स्वतः ऐकावे. शक्यतो कानातले बोळे काढून, सर्वांनी मिळून ऐकावे. रस्त्यावर आणि सायकलवर मुळीच नको.

आपले काम

मुलांनो, या सुट्टीत एक मराठी गोष्ट निवडा. आजी-आजोबांना शेजारी बसवा आणि मोबाइलच्या रेकॉर्डरवर ती तीस सेकंदांत सांगा. मग एकच प्रश्न विचारा, "तो असा का वागला?" उत्तर मराठीतच द्यायचे. अडलेला शब्द आजीकडून घ्यायचा. ती रेकॉर्डिंगे सुट्टीनंतर आपण शनिवारच्या तासाला ऐकू.

विश्वस्तांकडे आमची विनंती छोटीशी आहे. त्या तासापुरती एक शांत खोली आणि एक बरा स्पीकर मिळावा. बाकी गोष्टी घरोघरी आहेतच. त्या सांगणारी माणसे आहेत तोवर ऐकून घेऊ या.