शाळा आणि धर्मविचार

शाळेच्या एकाच बाकावर निरनिराळ्या धर्मांची मुले बसतात. मग तेथे धर्म शिकवावा काय?

यवतमाळ येथे १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था स्थापन झाली. १९८३ साली ती पुण्यास गेली. अशा संस्थेत विद्यार्थी स्वेच्छेने जातो. शाळेत मात्र सर्वांनाच जावे लागते. म्हणून राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार, केवळ सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य वा अनुदानित खासगी शाळेतही पालकांच्या संमतीवाचून मुलास अशा शिक्षणास अथवा उपासनेस बसविता येत नाही.

तथापि धर्मांविषयीचे ज्ञान वर्ज्य नाही. एका धर्माची शिकवण देणे वेगळे आणि सर्व धर्मांची ओळख करून देणे वेगळे, हा भेद कोठारी आयोगाने (१९६४-६६) दाखविला. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली तो मानला. महावीर, बुद्ध, येशू, महंमद पैगंबर, चक्रधरस्वामी यांनी काय सांगितले हे जाणणे म्हणजे त्यांचे अनुयायी होणे नव्हे. ते पटते की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु शेजारचा मुलगा रोजा का धरतो, हे ज्यास उमगले, तो त्याची थट्टा करीत नाही. त्याच्यासमोर डबा उघडताना क्षणभर थांबतो.