फ्लेमिंगो सिटीची भरती-ओहोटी

नवी मुंबईच्या रस्त्यांवर हल्ली गुलाबी फ्लेमिंगो जागोजागी भेटतात. कुठे पुतळे, कुठे भिंतीवरची चित्रं. महापालिकेनं शहराला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणून प्रमोट केलंय आणि दिसायला ते मस्तच आहे. पण खऱ्या फ्लेमिंगोंना रंगरंगोटीशी काय देणंघेणं? त्यांना हवं असतं भरतीचं पाणी.

हे गणित मला नेरूळच्या डीपीएस तलावाकाठी उमगलं. ओहोटीला ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो आणि पक्षी तिथे शेवाळ टिपत फिरतात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो. मग थवेच्या थवे अशा उथळ पाणथळींवर येऊन थांबतात. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हे अप-डाउन रोजचंच! म्हणजे खाडी हे त्यांचं ऑफिस, तर सुमारे ३० एकरांचा हा तलाव त्यांची ब्रेकची जागा.

पण ब्रेकच्या जागेचं पाणीच तोडलं तर? २०२४ मध्ये नेमकं तेच झालं. खाडीचं पाणी तलावात येण्याच्या वाटा बुजल्या, तलाव सुकला आणि एप्रिलमध्ये मेलेले फ्लेमिंगो सापडू लागले. रहिवासी आणि पक्षिप्रेमींनी आवाज उठवला. अखेर एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली.

झकास बातमी! पण मला विचाराल, तर खरी परीक्षा आता आहे. ठाणे खाडीतला पट्टा २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ मध्ये त्याला रामसरचा दर्जाही मिळाला. पण कागदावरच्या दर्जानं तलावात पाणी येत नाही. त्यासाठी पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्या लागतात, गाळ काढावा लागतो, तेही दरवर्षी. इथे जमीन सिडकोची, शहराचा कारभार महापालिकेचा, पक्षी आणि तिवरं वन विभागाची. तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं, की तलाव पुन्हा कोरडा.

तेव्हा मंडळी, सीझनमध्ये जरूर जा. आधी भरतीची वेळ बघा, ड्रोन घरी ठेवा. आणि गुलाबी थव्याचे फोटो काढून झाले, की पाणी आत येतंय ना, तेही बघा. नसेल येत, तर महापालिकेकडे तक्रार नोंदवा. आपण रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी करतोच की!