दिवाडीचा देव आणि ल्हासाचे मठ

२०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परकीय मदतीचा हात आखडला आणि निर्वासित तिबेटींच्या कामांना त्याची झळ बसली. त्याच वर्षी जुलैत नव्वदी गाठणाऱ्या दलाई लामांनी सांगितले की आपली परंपरा पुढे चालेल आणि वारस ठरवण्याचा अधिकार आपल्या गादेन फोड्रांग ट्रस्टकडेच राहील. तेव्हापासून चर्चा बीजिंग, वॉशिंग्टन आणि दिल्लीभोवती फिरते आहे. या प्रश्नाचे एक टोक आपल्या पेडणे तालुक्यातही आहे. हरमलला हंगामात चांदीचे दागिने, पिरोजाच्या माळा आणि प्रार्थनापताका विकणारी तिबेटी माणसे गिऱ्हाइकांच्या ओळखीची असतात. त्यांच्यामागे उभा असलेला इतिहास मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो.

तो पाहायचा तर शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, मुंडगोडला जायला हवे. १९५९नंतर तिबेटमधून भारतात आलेल्या शेकडो भिक्षूंना बंगालमधल्या बक्सा येथे, इंग्रजांच्या जुन्या बंदिछावणीत ठेवले होते. उकाडा आणि दाटीवाटीत अनेकांना क्षयाने गाठले, तरी तिथेही ग्रंथांचे अध्ययन चालूच राहिले. १९६६मध्ये मुंडगोडची वसाहत सुरू झाली. जंगल तोडून शेते तयार झाली आणि १९६९मध्ये बक्साचे भिक्षू इथे येऊन पोहोचले. ल्हासाजवळचे द्रेपुंग आणि गादेन हे मठ त्याच नावांनी पुन्हा उभे राहिले.

इथली वादसभा पाहण्यासारखी असते. उभा भिक्षू टाळी वाजवून प्रश्न टाकतो, बसलेल्याने तर्काने उत्तर द्यायचे. गेशे ही पदवी मिळवायला साधारण दोन दशके लागतात. शतकानुशतके ती पुरुषांनाच मिळत असे. डिसेंबर २०१६मध्ये मुंडगोडलाच पहिल्या वीस भिक्षुणींना गेशेमा पदवी देण्यात आली. संस्कृती जपणे म्हणजे जुने तसेच झाकून ठेवणे, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. ही परंपरा टिकण्यात आपलाही स्वार्थ आहे. दिङ्नागाचा ‘प्रमाणसमुच्चय’ हा संस्कृत तर्कग्रंथ अभ्यासकांना प्रामुख्याने तिबेटी भाषांतरांतूनच वाचावा लागला. आपण गमावलेले तिबेटींनी सांभाळले.

उखडलेली परंपरा दुसरीकडे जपणे म्हणजे काय, हे गोमंतकीयाला कळायला अवघड जाऊ नये. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडले, तेव्हा भाविकांनी देव नदीपार डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला नेला. डिचोली तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हती. पुढे १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. पलीकडच्या काठाने जागा दिली, पुढे राजाने आधार दिला आणि परंपरा टिकली. सहानुभूती नार्व्यात आणि मुंडगोडलाही होती, पण टिकाव लागला तो जागेमुळे.

म्हणून मला वाटते की धान्य, औषधे आणि देणग्या अत्यावश्यक असल्या तरी पुरेशा नाहीत. २००९च्या तिबेटींच्या जनगणनेत भारतात ९४,२०३ जण नोंदले गेले होते. तेव्हापासून तरुण परदेशी जात आहेत आणि २००८नंतर तिबेटमधून येणाऱ्यांचा ओघही आटला आहे. मठ उभे आहेत, पण नवे विद्यार्थी कुठून येणार? मुलांनी इथेच राहावे असे वाटत असेल, तर कमाई आणि कागदपत्रे दोन्ही पक्की हवीत. केंद्राच्या २०१४च्या पुनर्वसन धोरणाने जमिनीचे भाडेपट्टे, सरकारी योजना आणि व्यापाराचे परवाने यांची वाट दाखवली आहे. ती अमलात आणायची आहे राज्यांनी.

गोव्यात तिबेटी वसाहत नाही, त्यामुळे भाडेपट्ट्याचा प्रश्न आपला नाही. व्यापाराचा आहे. हंगामी तिबेटी दुकानदाराला रीतसर परवाना वेळेवर मिळावा, एवढे गोवा सरकार आणि किनाऱ्यावरच्या पंचायती नक्कीच करू शकतात. त्या कमाईमुळे एखाद्या मुलीची शाळा सुटणार नाही आणि एखादा भिक्षू अध्ययन अर्धवट सोडणार नाही. नार्व्याचा वारसा अभिमानाने सांगणाऱ्या गोव्याने हे आपले कर्तव्य मानावे.