तक्रारदार, प्रतिवादी आणि समिती : विद्यापीठांतील लैंगिक छळाच्या चौकशीचा मागोवा

भारतीय विद्यापीठांतील लैंगिक छळाच्या चौकशीची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालातून सुरू होते. अध्यक्षपदी स्त्री, निम्म्या तरी स्त्री सदस्या आणि संस्थेबाहेरची त्रयस्थ व्यक्ती अशी तक्रार समिती त्या निकालाने अनिवार्य केली. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने १९९९ मध्ये स्थापलेल्या 'जीएसकॅश' या लैंगिक छळविरोधी समितीमध्ये विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधीही बसत. २०१७ मध्ये ती मोडीत काढण्यात आली.

पुण्याच्या कार्यकर्त्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतील चौकशी अहवाल ठरला. तक्रारदाराला तीच साक्ष दुसऱ्या चौकशीत पुन्हा देण्यापासून सुटका मिळाली. पण न्याय्य सुनावणीचा सगळा भार समितीवर आला, आणि पुढचे बरेच वाद इथूनच उगवले.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तक्रारीला तीन महिन्यांची मुदत दिली. सबळ कारण असल्यास आणखी तीन. जिची पीएचडी मार्गदर्शकाच्या सहीवर अडली आहे, तिला ही मुदत तोकडीच. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम २०१६ मध्ये लागू झाले. पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थीही तक्रार करू शकतात, हे त्यांनी स्पष्ट केले. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत. चौकशी सुरू असताना प्रतिवादी प्राध्यापकाला तक्रारदाराच्या मूल्यमापनापासून दूर ठेवता येते. प्रतिवादीला तक्रारीची प्रत, उत्तरासाठी मुदत आणि अपिलाचा हक्क आहे. वकील मात्र दोघांनाही नाही. तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

समितीवर आलेल्या न्याय्य सुनावणीच्या भाराची कसोटी मात्र या कायद्याच्या आधीच सुरू झालेल्या गोवा विद्यापीठातील प्रकरणात लागली. २००९ मध्ये एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने अखेरच्या बैठका लागोपाठ उरकल्या, प्रतिवादीला बचावाची पुरेशी संधी दिली नाही. त्याला बडतर्फ केले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने कारवाई कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी ती रद्द केली आणि चौकशी २००९ मधील टप्प्यापासून पुन्हा घेण्यास सांगितले. आरोप खरे की खोटे, यावर हा निकाल नव्हता. समितीच्या घाईने प्रतिवादीचा हक्क डावलला गेला, आणि तक्रारदारांचे प्रकरण चौदा वर्षांनी पुन्हा समितीपुढेच आले.