लहान स्वयंपाकघरातील जागेचा विनियोग

स्वयंपाकघर लहान असले की सामान ठेवण्यास जागा पुरत नाही, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. परंतु जागा अपुरी असणे आणि जागेची मांडणी सदोष असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहराच्या उदाहरणावरून चांगला स्पष्ट होतो.

पहिल्या महायुद्धानंतर त्या शहरात घरांची तीव्र टंचाई होती. नगररचनेचे प्रमुख एर्न्स्ट माय यांनी १९२५ पासून अल्प खर्चाच्या घरांच्या वसाहती उभारण्याचे कार्य हाती घेतले. त्यांतील स्वयंपाकघराचा आराखडा १९२६ मध्ये मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यविशारद महिलेने तयार केला. त्याची रुंदी अवघी १.९ मीटर व लांबी सुमारे ३.४ मीटर होती. आगगाडीच्या भोजनडब्यातील चिंचोळ्या स्वयंपाकघरात थोड्या जागेत पुष्कळ माणसांचे अन्न शिजते, हे त्यांनी लक्षात घेतले होते. गृहिणीला एका कामासाठी किती पावले चालावी लागतात, याचाही त्यांनी विचार केला.

आता सामानाची व्यवस्था पाहू. तांदूळ, साखर इत्यादी जिन्नसांसाठी अॅल्युमिनियमचे लहान खण होते. प्रत्येकावर जिनसाचे नाव असे आणि खण ओढून त्याच्या चोचीतून जिन्नस सरळ भांड्यात ओतता येई. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा होता. त्या लाकडामुळे पिठात अळ्या होत नाहीत, असा त्यामागील विचार होता. इस्त्रीची फळी भिंतीला बिजागरीने जोडलेली असून काम संपताच ती उभी करून ठेवता येई. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे त्या शहरात बांधली गेली.

या योजनेत उणीवही होती. तेथे एकाच व्यक्तीला सोयीने काम करता येई. दुसरे कोणी मदतीस आले की अडचण होई. स्वयंपाकाचे काम एकट्या स्त्रीचेच आहे, असे जणू भिंतींनीच ठरवून टाकले, असा आक्षेप पुढे घेण्यात आला. जागा वाचवताना माणसांचा विचार सुटू नये, हाही या उदाहरणाचा धडा होय.

आपल्या स्वयंपाकघराची फेररचना करताना प्रथम डबे व भांडी मोजावीत, मग फळ्या ठोकाव्यात. ४० सेंटीमीटर उंचीच्या कप्प्यात १५ सेंटीमीटर उंचीचे डबे ठेवल्यास निम्म्याहून अधिक जागा रिती राहते. मध्ये एक फळी बसवली की त्याच कप्प्यात डब्यांचे दोन थर मावतात. रोजच्या वस्तू कंबर व डोळे यांच्या दरम्यान, जड भांडी खाली आणि क्वचित लागणारी वर ठेवावीत. धान्य व मसाले चुलीची उष्णता आणि मोरीचा ओलावा यांपासून दूर असावेत.

भिंती हलवणे बहुधा आपल्या हाती नसते. मोजपट्टी घेऊन विचार करणे मात्र प्रत्येकाच्या हाती असते.